दप्तराच्या खुंटीवरची काठी

बाबा,

मागच्या महिन्यात धरणातून पाणी सोडलं त्या दिवशी मी तुमची पद्धत वापरली, आणि ती लागू पडली. एवढंच सांगायला बसले होते. पण तुम्हाला "एवढंच" कधी चालायचं नाही. "आता उरलेलं सांग," म्हणायचात. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली तरी उरलेलं सांगायची खोड काही जात नाही, म्हणून रविवारच्या दुपारी, जेवणं आवरून, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गॅलरीत खुर्ची टाकून लिहितेय. शाईच्या पेनाने लिहितेय. तुम्ही होतात तेव्हाही तुम्हाला हे वाचता आलं नसतं. जन्मापासून आंधळ्या माणसाला लेक शाईने पत्र लिहिते! तुम्ही म्हणाला असतात, "आपल्याकडे योजना अशाच आखतात."

तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचे. आई दवाखान्यात आयाच्या ड्यूटीवर, घरात आपण दोघं, आणि पोस्टमन नागपूरकडच्या आत्याचं आंतर्देशीय टाकून गेलेला. आत्या पत्रात एक तरी ओळ खवट लिहिणारच, आईच्या नोकरीबद्दल नाहीतर माझ्या गणिताबद्दल. ती मी गाळायचे. न अडखळता, आवाज जराही न बदलता. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घ्यायचात, बशीतला चहा संपवायचात आणि शांतपणे म्हणायचात, "छान. आता गाळलेलं वाच." मी चिडायचे. कसं कळतं तुम्हाला? "गाळतेस तेव्हा तू फारच छान वाचतेस." मी निमूटपणे ती ओळ वाचायचे.

पालिकेच्या कार्यालयात तुम्ही टेलिफोन ऑपरेटर होतात. कसब्यातून चालत गेलं तर पंधरा मिनिटं. जिन्याखालची खोली, तिच्यात तो टेलिफोनचा बोर्ड, एक स्टूल आणि तुम्ही. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन यायचे तेव्हा कोणीतरी नवीन माणूस हमखास तुमच्याशी ओरडून बोलत असायचा. "हळू बोला," तुम्ही म्हणायचात, "मी आंधळा आहे, बहिरा नाही." तो ओशाळायचा, मला हसू फुटायचं आणि तुम्ही मात्र आपले गंभीर. आता कागदावर आंधळा लिहीत नाहीत बाबा, दिव्यांग लिहितात. मला खात्री आहे, तुम्ही विचारलं असतंत, जिना तोच आहे ना? शब्दाला रॅम्प बांधावा लागत नाही, म्हणून तो आधी बदलतात.

पावसाळ्यात तुमची नेमणूक पूर नियंत्रण कक्षात व्हायची. धरणातून पाणी सोडायचा निरोप आला की नदीकाठच्या चौक्या, शाळा, दवाखाने, सगळीकडे तुम्ही फोन लावायचात. नंबर सगळे डोक्यात. आणि निरोप देऊन झाला की फोन ठेवायचा नाही, तर म्हणायचं, "आता मी काय सांगितलं ते परत सांगा." समोरचा म्हणायचा, कळलं हो. "कळलं ते मला कळलं. परत सांगा." मग तो सांगायचा, आणि दहापैकी चार वेळा चुकीचं सांगायचा. चार वाजता म्हटलेलं असायचं, तो पाच म्हणायचा. एकदा तुम्ही एका मोठ्या साहेबांनाही परत सांगायला लावलंत. साहेब भडकले, मलापण? मी समोर डबा धरून उभी. तुम्ही म्हणालात, "साहेब, पाण्याला हुद्दा कळत नाही." साहेबांनी परत सांगितलं. तेही चुकले होते.

त्याच साहेबांना तुम्ही एकदा सुचवलं होतंत की भोंगा वाजतो तो आम्हाला ऐकू येतो, पण बहिऱ्या माणसाला कसा कळणार. आणि पूर आला की आमच्यासारख्यांचं काय करायचं ते आम्हालाच विचारून आधी लिहून ठेवा. साहेब म्हणाले, "वा, चांगली सूचना आहे." पुण्यात चांगली सूचना आहे म्हणाले की समजायचं, फाइल बंद झाली. तुम्ही घरी येऊन आईला एवढंच सांगितलंत, "आज माझी सूचना चांगली निघाली." आई हसली होती. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नव्हतं.

आणि मग तो पावसाळा, मी नऊ वर्षांची होते तेव्हाचा. आपली नदीकाठची बैठी खोली. सकाळची वेळ, आई ड्यूटीवर गेलेली, तुम्ही शर्ट घालून निघायच्या बेतात. नदीतला बुटका पूल पाण्याखाली गेला की वस्तीत पाणी यायला फार वेळ लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मला चपला घालायला सांगितल्यात आणि म्हणालात, माझा दंड नको धरूस, मी तुझा खांदा धरतो, आपण चालत जाऊ. पाणी उंबऱ्याला लागलं होतं. तेवढ्यात मंडळाचे लोक आले, दोरखंड घेऊन. त्यांच्यात एक पैलवानासारखा माणूस होता. मी ओरडले, "काका, माझे बाबा आंधळे आहेत, त्यांना आधी उचला!" तुम्ही म्हणालात, "थांबा, थांबा, मला चालता येतं, काठी..." आणि मी म्हणाले, "काका, उचला तुम्ही. ते असंच म्हणतात." त्याने तुम्हाला पाठीवर टाकलं आणि तो चालायला लागला. मी दप्तर घेऊन मागे. काठी पाण्यात वाहून गेली. आईला, शेजाऱ्यांना, पुढे माझ्या नवऱ्याला मी ही गोष्ट अशीच सांगत आले.

आपल्याला माझ्याच शाळेत ठेवलं. तुम्ही आंधळे, म्हणून जास्त जपायचं, म्हणून वरच्या मजल्यावरच्या वर्गात. खाली सगळं कोरडं ठणठणीत होतं. संडास मैदानाच्या पलीकडे. तुम्ही त्या शाळेत कधी आला नव्हता, पायऱ्या किती ते तुम्हाला माहीत नाही, हातात काठी नाही. तीन दिवस तुम्ही एका बाकावर बसून होतात. लोक चांगले होते हो, खरंच चांगले होते. यांना आधी वाढा, यांना पंख्याखाली बसवा. माझ्या बाई येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या, किती गुणाची पोर! मी तुम्हाला हाताला धरून खाली न्यायचे, वर आणायचे, सगळी शाळा बघायची. मला आवडत होतं ते, आता लपवत नाही. तुम्ही मात्र चहाला नको म्हणत होतात. तुम्ही! बशीतला शेवटचा थेंब न सोडणारा माणूस. मला वाटलं, चहा पातळ आहे म्हणून. तुम्ही चहा घेत नव्हता, पाणी घोटभर पीत होता, कारण प्यायलं की खाली जावं लागणार आणि खाली जायचं तर एवढ्याशा पोरीला हाक मारावी लागणार. हे मला पंचवीस-तीस वर्षांनी कळलं. आई रात्री ड्यूटीवरून शाळेत यायची, तिला पहिल्याच दिवशी कळलं असेल.

तिसऱ्या दिवशी कोणी पाहुणे मदत वाटायला आले. मी पुढे होऊन त्यांना सांगितलं, "माझे बाबा आंधळे आहेत, त्यांचं सगळं मीच करते." ते कौतुक करून गेले आणि तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, शाबासकी. तुम्ही हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं बोललात. "तू माझं सगळं करत नाहीयेस. तू मला काही करू देत नाहीयेस." आणि मग, "त्या माणसाने मला वाचवलं, त्याचे उपकार आहेत. पण पोतं वाचवतात तसं वाचवलं. पोत्याला कोणी विचारत नाही." मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. तुम्ही माझ्यावर असे एकदाच रागावलात, पण जन्मभर पुरलं.

घर धुऊन निघायला पंधरवडा गेला. तोवर तुम्ही आईचा हात धरून कार्यालयात जात होता, ती तुम्हाला सोडून ड्यूटीवर पळायची. मग तुम्ही नव्या काठ्या आणल्यात. एक नाही, दोन. एक तुमच्या हातात, आणि दुसरी, जादाची, माझ्या दप्तराच्या खुंटीवर. दाराशी तीन खुंट्या होत्या: तुमची छत्रीची, आईच्या पिशवीची आणि माझी. माझ्या खुंटीवर आधी दप्तर आणि त्याच्यावरून काठीची दोरी. रोज सकाळी शाळेत जाताना आधी काठी काढायची, हातात धरायची, मग दप्तर काढायचं, मग काठी परत लावायची. काय कटकट! मी म्हटलं, बाबा, ही चुकीच्या खुंटीवर लागलीय, तुमच्या छत्रीच्या खुंटीवर ठेवा ना. तुम्ही म्हणालात, "नाही, बरोबर आहे." आपल्या घरात डबा सुद्धा एक बोट इकडचा तिकडे व्हायचा नाही, मीठ कुठे आणि साखर कुठे हे तुम्ही झोपेत सांगितलं असतं. पण मी मनाशी म्हटलं, चला, बाबांचीही कधीतरी जागा चुकते. मला त्याचा जरा आनंदच झाला होता.

आता माझं ऐका. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी माझी बदली आपत्ती व्यवस्थापनाच्या कामावर झाली. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही. नदीकाठच्या वस्त्यांतून पावसाळ्यात कोणाला कसं बाहेर काढायचं, त्याचा आराखडा करायचं काम. तुम्ही असता तर फुशारला असता, नाही, फुशारला नसता, "परत सांग, काय काम?" म्हणाला असता. मी मन लावून केलं. अपंगांची वेगळी यादी केली, जी आधी नव्हती. आणि तिच्या डोक्यावर एक वाक्य लिहिलं: आधी माणूस, मग सामान. सगळ्यांना इतकं आवडलं की साहेबांनी ते फलकावर रंगवून घेतलं. मीही येताजाता त्याच्याकडे बघून घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी पाणी आलं तेव्हा त्याच वाक्याने एका बाईंना आठ महिने चटईवर बसवलं. या ताई वस्तीत शिवणकाम करतात, ब्लाउज, फॉल-पिको. पाठीच्या कण्याला मार बसल्यामुळे कमरेखालचं शरीर हलत नाही, चाकाच्या खुर्चीत बसून हाताने मशीन चालवतात. माझ्या आराखड्याप्रमाणे जवानांनी त्यांना उचललं आणि खुर्ची सामान म्हणून मागे राहिली. तीन दिवसांनी चिखलातून काढली तेव्हा तिचं चाक वाकलं होतं, बेअरिंग गेली होती. नवी मंजूर होऊन यायला आठ महिने. मी विचारपूस करायला गेले, तोंडावर सहानुभूती आणून. त्या जमिनीवर बसल्या होत्या, मान वर करून म्हणाल्या, "मॅडम, तुमचा आराखडा चांगला होता. फक्त खुर्ची सामान नाही. ते माझे पाय आहेत. तुमचे पाय मागून टेम्पोने पाठवले तर चालतील का?" परत येताना बसमध्ये मला तुमचा आवाज ऐकू आला, पोत्याला कोणी विचारत नाही. बाबा, मी तुमची मुलगी, आणि सरकारी कागदावर पुन्हा तेच केलं होतं. काका, उचला तुम्ही. ते असंच म्हणतात.

दुसऱ्याच आठवड्यात यादी घेऊन मी दारोदार गेले. अपंगत्वाची टक्केवारी विचारली नाही. तुमचं वाक्य विचारलं: पाणी आलं तर तुम्हाला कसं न्यायचं, ते तुम्हीच सांगा. आणि बरोबर काय न्यायचं? त्यासाठी कागदावर नवा रकाना आखला. काय काय निघालं म्हणून सांगू! एक मुकंबहिरं जोडपं आहे, त्यांनी लिहून दिलं, दार वाजवू नका, आमच्या दिव्याचं बटण आम्ही बाहेर बसवून घेतलंय, ते तीनदा बंद-चालू करा. एक आजोबा म्हणाले, मला उचला पण डाव्या बाजूने, उजवा खांदा निखळतो. एक मुलगी आहे, बोलत नाही, गर्दीला घाबरते. तिची आई म्हणाली, हिची निळी बादली घेतली तर ही कुठेही येईल, नाही घेतली तर चार माणसांना आवरणार नाही. हिंजवडीच्या कंपनीतला एक तरुण ही यादी फोनवर दिसावी म्हणून शनिवारी येऊन फुकट काम करतो. तो म्हणाला, "मॅडम, सगळं सॉर्टेड आहे, पण ही निळी बादली कोणत्या कॅटेगरीत टाकू?" मी म्हटलं, "तिच्या नावापुढे टाक. बादली असंच लिही." साहेब म्हणाले, "एवढे रकाने कशाला? चांगली सूचना आहे, पुढच्या वर्षी बघू." मी तुमची मुलगी असल्यामुळे मला त्याचा अर्थ कळला. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले ती सही होईपर्यंत. शाळेच्या तळमजल्यावरचा वर्ग आणि संडासापर्यंतचा रॅम्पही त्याच सहीत घेतला. शाळा तीच, आपली.

आणि मागच्या महिन्यातला तो दिवस. सकाळी अकराला निरोप आला, पाणी वाढवणार. मी वस्तीत पोचले तेव्हा गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. तुमच्या पद्धतीने फोन झाले, प्रत्येकाने परत सांगितलं. आजोबा डावीकडून निघाले, दिवा तीनदा लागला आणि विझला, निळी बादली आणि तिची मालकीण टेम्पोत जाऊन बसल्या. राहिल्या ताई. त्या मशीनला हाताने घट्ट धरून बसलेल्या. अग्निशमनचा जवान म्हणाला, "ताई, चला, खुर्ची आणतो मागून." ताई म्हणाल्या, "मागच्या वेळीपण मागूनच आणणार होतात." त्याने माझ्याकडे पाहिलं. गल्ली अरुंद, खुर्चीत बसवून पाण्यातून ढकलणं शक्य नाही. खुर्ची आणि ताई वेगवेगळ्याच निघणार; प्रश्न एवढाच, आधी कोण. पाणी पायरीवर चढत होतं. मी म्हटलं, ताई, मी आहे ना. त्या म्हणाल्या, "तुम्ही तेव्हापण होता."

आता खरं सांगते. यांना सरळ उचलायचा हुकूम दिला असता तर कोणी मला दोष दिला नसता. फलकावर माझंच वाक्य रंगवलेलं होतं. आणि खुर्ची आधी पाठवली आणि तेवढ्यात पाणी वाढलं, तर एका खुर्चीपायी बाई गेली, असं जन्मभर ऐकायचं. मी ताईंना म्हटलं, "तुम्ही सांगा." त्या म्हणाल्या, "आधी खुर्ची. ती पोचली असं कळलं की मी एक मिनिट थांबणार नाही." मी त्यांना दिवाणावर बसवलं, दोन जवानांनी खुर्ची घडी घालून डोक्यावर घेतली. तिसरा आमच्याजवळ थांबला. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"बाई निघाल्या का?"

"खुर्ची निघाली, साहेब."

"खुर्ची? आणि बाई?"

"बाई खुर्चीची वाट बघतायत."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? काही झालं तर जबाबदारी तुमची."

"आहेच, साहेब," मी म्हटलं, आणि त्यांना जे सांगितलं ते परत सांगायला लावलं. हो, लावलं! त्यांनी सांगितलं, बरोबर सांगितलं.

पाणी उंबरा ओलांडून आत आलं. दिवाणाखालची चप्पल तरंगायला लागली. ताई माझा हात धरून होत्या, की मी त्यांचा, कोण जाणे. दहा-बारा मिनिटं गेली असतील; मला विचाराल तर अख्खा पावसाळा गेला. मग शाळेतून फोन आला, तिथल्या सेविकेचा. मी आवाज मोठा केला, ताईंना ऐकू जाईल असा.

"पोचली, मॅडम."

"कुठे ठेवलीत? नीट सांगा."

"वर्गात."

"कुठल्या? सगळं सांगा."

"तळमजला, पहिला वर्ग, आत आल्यावर डाव्या हाताला. पुसलीय. ब्रेक लावलाय."

ताई म्हणाल्या, "गादी कोरडी आहे का विचारा." त्यांना साध्या खुर्चीवर बसलं तर जखमा होतात. गादी कोरडी होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेली होती. "चला," ताई म्हणाल्या, आणि जवानाला दम भरला, "काखेत हात घालायचा नाही. पाठमोरा बस, मी गळ्यात हात घालते, तू मांड्या धर." तो बसला. पुन्हा एक माणूस एका माणसाच्या पाठीवर, पुन्हा मी मागे, फक्त या वेळी पाठीवरचा माणूस रस्ता सांगत होता. दारातून बाहेर पडताना खोलीत टेबलावरून कात्री खाली पडली, पाण्यात बुडताना फरशीवर आपटली. त्या आवाजासरशी ताईंनी मान वळवून मागे पाहिलं. बाबा, त्या मान वळवण्याने मी तिथेच थबकले. जवान ओरडला, मॅडम, चला ना! तेव्हा चालायला लागले.

शाळेत ताई आपल्या खुर्चीत बसल्या, स्वतः चाकं फिरवून रॅम्पवरून जाऊन आल्या, आणि मग चहा मागितला. एक संपवला, म्हणाल्या, अजून आहे का? दुसराही घेतला. मी व्हरांड्यात गेले आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहून ढसाढसा रडले. सेविका विचारायला आली, मॅडम, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, त्यांनी दुसरा कप घेतला. ती बिचारी गोंधळून निघून गेली.

साहेबांनी पुढच्या आठवड्यात फलक पुसायला लावला. बैठकीत माझं कौतुक झालं, दूरदृष्टी वगैरे. मी सांगितलं, ही सूचना जुनी आहे, जिन्याखालच्या खोलीतून आली होती. कोणाला काही कळलं नाही. तुम्ही डोळ्यांनी काही पाहिलं नाहीत बाबा, पण तुम्हाला जे तेव्हा दिसत होतं ते आम्हाला आत्ता दिसायला लागलंय. तुमच्याएवढा शहाणा माणूस मी त्या इमारतीत दुसरा पाहिला नाही, आणि तुम्हाला स्टुलाऐवजी खुर्ची मिळायला निवृत्ती यावी लागली.

हे पत्र टाकायचं कुठे? आणि टाकलं तरी तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवावं लागणार, आणि तुमची पत्रं वाचणारी तर मीच. आत्ताच एकदा मोठ्याने वाचून पाहिलं. फार छान वाचलं गेलं. म्हणजे तुम्ही काय म्हणाल ते कळलंच.

वाचते गाळलेलं. काठी वाहून गेली नव्हती. तुम्ही ती माझ्या हातात दिली होतीत. त्या माणसाने तुम्हाला पाठीवर घेतलं तेव्हा ती माझ्याजवळ होती, आणि दुसरा हात दप्तराला मोकळा होता, दोन्ही सहज नेता आली असती. मला वाटलं, काठी नसली तर तुम्ही शाळेत माझाच हात धराल, सगळ्यांसमोर. म्हणून मी ती दारामागच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली. तिच्या लोखंडी टोकाचा फरशीवर टक् आवाज झाला, आणि त्या माणसाच्या पाठीवर तुम्ही मान वळवलीत. काही बोलला नाहीत. पंधरा दिवसांनी माझ्या दप्तरावर काठी अडकवलीत.

ती अजून आहे. मांजरीच्या या घरात दाराशी एकच खुंटी आहे, तिच्यावर माझी ऑफिसची पर्स आणि पर्सवरून तिची दोरी. उद्या सोमवार. सकाळी आधी काठी काढावी लागेल.